भिंत कोणाची?

(शिरूर कासार येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



कलेचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील माणसे किंचित अवघडतात. पोटाचे प्रश्न आधी, चित्रे मागाहून, असा आपला हिशेब असतो. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले तो तरी या हिशेबाला दुजोरा देईल, अशी आपली अपेक्षा असेल. मला तो हिशेब मान्य नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती हे कोळसा खाणीचे गाव. तेथे १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते आज देशोदेशी मान्यता पावलेले चित्रकार आहेत. त्यांच्या घरच्या पिढ्या खाणीत राबल्या. पाचपुत्यांनी कोळसा हाती घेऊन प्रदर्शनाच्या भिंतींवर थेट खाणकामगार रेखाटले. प्रदर्शन संपले की अशी भिंत पुसली जाते. कोळसा टनावर विकला जातो. भिंतीवरची ती रेघ मात्र कोणा धनिकाला विकत घेऊन घरी नेता येत नाही.

ही रीत मुळात कष्टकऱ्यांचीच. डहाणू-तलासरीच्या ज्या वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला, त्यांच्या घरी लग्नप्रसंगी सुवासिनी शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. पुढच्या सारवणाबरोबर तो पुसला जाई. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि तो सन्मान यथार्थच होता. परंतु या घडामोडीचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. भिंतीवर असेतो चित्राला उपयोगमूल्य होते, विनिमयमूल्य नव्हते. कागदावर येताच त्याला बाजारभाव आला, आणि ज्या स्त्रियांची ही विद्या, त्यांची नावे मागे पडली.

आता आपल्या तालुक्याकडे पाहू. पोळ्याला गेरूचे ठिपके अंगावर घेऊन बैल मिरवतात. पुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयत्यांची बिऱ्हाडे फडाजवळच्या कोप्यांत पाच-सहा महिने काढतात. मागे गावात घरांना कुलपे आणि चौकात पुढाऱ्यांचे हसरे फ्लेक्स. एके काळी कार्यकर्ते रात्री जागून चुन्या-गेरूने भिंती रंगवीत. पण त्या भिंतीवरही मजुरांच्या वतीने आपणच बोलत होतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. टोळ्या निघण्यापूर्वी गावातील एक दर्शनी भिंत ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या स्वाधीन करा. चुना, गेरू, कोळसा एवढे सामान पुरे. उचल, मुकादम, मागे राहिलेली लेकरे, की नुसती वेलबुट्टी, काय काढायचे ते त्या ठरवतील. त्यांच्या श्रमाचा भाव आजवर इतरांनी ठरविला. निदान त्यांच्या रेघेचा अर्थ तरी दुसऱ्याने ठरवू नये.

टोळ्या परत येईपर्यंत ते चित्र त्यांच्या वतीने गावात हजर राहील. पावसाळ्यात धुऊन जाईल, तेव्हा त्या गावातच असतील. पुन्हा काढतील.