हिरडीतून रक्त आलं म्हणून घासणं सोडू नका



तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे बांधता बांधता एक बाई मला म्हणाली, "ताई, दात घासले का रक्त येते, म्हणून मी घासणंच सोडलं." तिच्या शेजारची हसली. "मी तं खर्रा खातो, मले थेंबभर रक्त येत नाही."

दोघींचंही चुकत होतं. आणि दुसरीचं जास्त.

आपली कातडी सगळीकडून बंद असते. तोंडात मात्र दात हिरडी फोडून बाहेर येतो, म्हणून दात आणि हिरडीच्या मध्ये एक बारीक खाच राहते. तिथून जंतूंना आत शिरायला वाट मिळते. शरीराला हे माहीत आहे. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या खाचेत रात्रंदिवस येत राहतात, अगदी निरोगी माणसाच्या तोंडातही, आणि जंतूंना गिळून टाकतात. लाळ धुण्याचं काम करते. खाचेचं आतलं अस्तर थोड्या थोड्या दिवसांनी गळून नवं येतं आणि गळताना चिकटलेले जंतू घेऊन जातं. इतकंच काय, चावताना हिरडीला जे बारीक घासे बसतात, त्यानेही हा पहारा जागा राहतो, असं २०१७ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं.

मग बिघडतं कुठे? दातावर जंतूंचा पिवळट चिकट थर बसतो. तो रोज काढला नाही तर कडक होऊन त्याचं किटण होतं. १९६५ साली डेन्मार्क देशात १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तर आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. म्हणजे रक्त येतं ते बहुतेक वेळा घासल्यामुळे नाही, न घासल्यामुळे. थर साठला म्हणून पहारेकरी जास्त आले, त्यांना आणायला रक्तवाहिन्या फुगल्या, आणि फुगलेली हिरडी जरा लागली की रक्त येतं.

मोहफुलं वेचायला आपण झाडाखालचा पाला जाळतो. जाळ लहान आहे, कोणी उभं आहे, तोवर ठीक. सोडून गेलो तर जंगल पेटतं. हिरडीतही तसंच होतं. जंतू मारायला पांढऱ्या पेशी जे तिखट रस सोडतात, ते वर्षानुवर्षं सुटत राहिले तर आपलीच हिरडी खातात, दाताला धरून ठेवणारं हाडही झिजवतात. सुजलेली हिरडी बरी होते. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही. माझ्या आईचे दात पन्नाशीच्या आत गेले. एकही किडलेला नव्हता. आम्ही म्हणायचो, वय झालं.

आता खर्रा. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून रक्त कमी दिसतं. आग विझत नाही, फक्त धूर दिसत नाही. खर्रा गालात जिथे धरता तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. सुपारीने तोंड उघडेनासं होतं आणि कर्करोगाची भीती असते ती वेगळीच. तंबाखूची नस किंवा गुडाखू घासली की ठणका थांबतो, असं बाया सांगतात. ठणका दबतो, रोग चालूच राहतो. गडचिरोलीत मुक्तिपथ अभियानात अनेक गावांच्या बायांनी गावातली खर्राविक्री बंद पाडली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतःला सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत फोन आहे.

शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, आणि हिरडी बिघडली की शुगरही आवरत नाही. शुगरच्या बाईने हिरड्या दाखवायलाच हव्यात. पोटुशी बाईच्या हिरड्या लवकर सुजतात. तिने घासणं अजिबात सोडू नये.

दोन वेळा मऊ ब्रशने घासा, हिरडीच्या कडेवरून हळू. कडुनिंबाची काडी चालेल, पण टोक चावून मऊ करा. विटेची पूड आणि राख नको, खरखरीत असते. आवळा खा, हिरडीला ताकद मिळते. पण नुसत्या आवळ्याने किटण निघत नाही. ते दवाखान्यातच काढावं लागतं. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आशाताईला विचारा.

"सफाई केली का दात हलतात" असं म्हणून बाया जात नाहीत. दात आधीच हलत असतो, किटणाने तो चिकटून राहिलेला असतो. किटण निघालं की हलणं कळतं. सुरुवातीचे काही दिवस गार पाणी झोंबेल, तेवढं सोसा. आणि दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, किंवा पू आला, दात हलू लागला, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी बाजाराआधी दवाखान्यात जा.