पेशीतील दिवा

काशीच्या दशाश्वमेध घाटावरील संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अठराव्या शतकात बाळाजी बाजीराव पेशव्यांनी हा घाट बांधविला व पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्यामुळे मराठी यात्रेकरूस तेथे परकेपणा असा वाटत नाही. गंगेची आरती सुरू होते आणि पायऱ्यांवरील माणसे पानाच्या द्रोणात फुले व दिवा ठेवून तो पाण्यावर सोडू लागतात.

अशाच एका संध्याकाळी माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. कंपवाताने त्यांचा हात सारखा थरथरत होता. द्रोण पाण्याला टेकण्यापूर्वीच त्यातील दिवा दोनदा विझला. तिसऱ्या वेळी नातीने आपला तळहात त्यांच्या हाताखाली धरला, तेव्हा कोठे तो दिवा प्रवाहाला लागला. हात त्यांचाच होता. परंतु त्या हाताला आज्ञा देणारी मेंदूतील यंत्रणा बिघडली होती. ती पुन्हा ताळ्यावर कशी आणावी, याचा शोध आज शास्त्रज्ञ घेत आहेत, आणि त्या शोधाची एक वाट थेट दिव्याकडेच जाते. तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींना इतक्या खेटून असतात, की एक पेशी हालचालीला चालना देत असता तिची शेजारीण त्याच हालचालीला आवर घालीत असते. कंपवाताच्या काही रोग्यांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचे सूक्ष्म धक्के देतात आणि त्याने कित्येकांना आरामही पडतो. पण वीज आपपर जाणत नाही. जवळच्या सर्वच पेशींना ती हलविते. एकाच जातीच्या पेशींना आवर घालावा आणि इतरांना धक्काही लागू नये, असे साधन हवे, हे फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ साली सांगितले होते. पुढे १९९९ साली, हे काम प्रकाशाकडून करवून घेता येईल, असेही त्यांनी सुचविले.

ते साधन अखेर सापडले ते डबक्यातील हिरव्या शेवाळात. क्लॅमिडोमोनस नावाच्या एकपेशीय शैवालाला उजेडाची जाण असते. त्याच्या आवरणात एक प्रथिन असते. निळा प्रकाश पडताच ते दारासारखे उघडते व विद्युत्भारित कण आत शिरतात. नागेल, हेगेमान व बाम्बेर्ग या जर्मनीतील संशोधकांनी या प्रथिनांचे कार्य २००२-०३ च्या सुमारास उलगडून दाखविले. २००५ साली बॉयडेन, डायसेरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जनुक मज्जापेशीत घातले. मग प्रकाशाचा झोत पडला, की ती पेशी जागी होऊ लागली.

परंतु येथे नवी अडचण उभी राहिली. कवटीच्या आत काळोख असतो. खोलवरच्या पेशींपर्यंत निळा प्रकाश न्यावयाचा, तर काचेचा तंतू मेंदूत खुपसावा लागतो. शिवाय त्याचा उजेड टोकाजवळच्या थोड्याशा जागेतच पडतो. मग बाहेरून दिवा नेण्याऐवजी पेशीलाच दिवा का देऊ नये?

पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडे काजव्यांनी लखलखताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कल्पना अशक्य वाटणार नाही. काजव्याच्या पोटात तेल नसते की वात नसते. ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य ल्युसिफेरेज नावाच्या प्रथिनाच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग पावते, आणि त्यातून थंड प्रकाश बाहेर पडतो. ही नावे राफाएल द्युबोआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दिली. समुद्रातही असे दीपधारी जीव विपुल आहेत. त्यांपैकी गॉसिया हा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला चिमुकला जीव शत्रूची चाहूल लागताच निळसर तेजाचा फवारा सोडतो.

२०१३ साली केन बर्गलुंड, उटे होखगेश्वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॉसियाचा हा दिवा आणि शैवालाचे ते दार एकाच प्रथिनात जोडून दाखविले. अशी पेशी एरवी इतरांसारखीच असते. सीलेंटराझिन नावाचे द्रव्य शरीरात टोचले, की ते रक्तावाटे मेंदूत पोहोचते. ज्या पेशींत हे जोडप्रथिन असेल तेवढ्याच आतून उजळतात, आणि त्या उजेडानेच त्यांची दारे उघडतात. दाराचा प्रकार बदलला, तर पेशीला चेतविण्याऐवजी शांतही करता येते. उंदरांवरील प्रयोगांत या रीतीने अपस्माराचे झटके कमी करण्यात, तसेच कंपवातासारख्या विकारात रोपण केलेल्या पेशींना चालना देऊन हालचाल सुधारण्यात संशोधकांना यश आले आहे. आपल्याकडेही आग्र्याच्या दयालबाग शिक्षणसंस्थेत सुखदेव रॉय आणि त्यांचे सहकारी प्रकाशाने चालणाऱ्या मज्जापेशींची गणिती प्रतिरूपे तयार करीत आले आहेत.

मात्र ही विद्या अजून प्रयोगशाळेतच आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परके जनुक माणसाच्या मेंदूत सुरक्षितपणे पोहोचविणे, मंद उजेड पुरेसा करणे आणि त्या द्रव्याची मात्रा ठरविणे, ही कामे व्हावयाची आहेत. आशेचा बाजार मांडणारे पुष्कळ असतात. रोग्याने त्यांच्या नादी लागू नये. आणखी एक प्रश्न आहे. ज्या औषधाने पेशी जागी होते किंवा झोपी जाते, ते कोणाच्या हाती असावे? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हे.

त्या संध्याकाळी मात्र त्याचे उत्तर मला डोळ्यांसमोर दिसले होते. नातीने आजोबांच्या हातातून द्रोण काढून घेतला नाही. कोठे सोडावयाचा, केव्हा सोडावयाचा, हे त्यांनीच ठरविले. तिने फक्त खालून आधार दिला. हा दिवा उद्या माणसाच्या मेंदूत लागलाच, तर त्याने एवढेच करावे.