हिरव्या चाऱ्यातली उणीव

मरोळ-मरोशी रस्त्याने पुढे गेले की आरे दुग्धवसाहत लागते. मुंबईतल्या म्हशींसाठी १९४९ साली ती वसवली गेली. पावसाळ्यात जनावरांना कोवळा चारा भरपूर मिळतो. पण त्यात मॅग्नेशियम कमी आणि पोटॅशियम जास्त असू शकते. हे जास्तीचे पोटॅशियम मॅग्नेशियम अंगी लागू देत नाही. शिवाय दुधावाटे ते रोज बाहेर जाते. उणीव वाढली की दुभते जनावर थरथरते, झोकांड्या खाते, कोसळून झटके देते. काही तासांत ते दगावूही शकते. तेव्हा ताबडतोब पशुवैद्यांना बोलवावे. त्याआधीच, मॅग्नेशियम ऑक्साइड असलेले क्षारमिश्रण त्यांनी सांगितलेल्या मापाने आंबोणात घालावे. जास्त झाल्यास हगवण लागते. मात्र हिरवा चारा भरपूर आहे म्हणून एकही दिवस चुकवू नये.