डोळे फसले, कान नाही



ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटचा पहिला डेव्हलपर संच २०१३ मध्ये आला. प्रत्येक डोळ्यापुढे ६४० × ८०० ठिपके, म्हणजे चित्र जाळीतून पाहिल्यासारखं. तरी टस्कनीतल्या घराच्या डेमोत मान वळवली की आख्खं अंगण वळायचं! मात्र भिंतीकडे वाकलं, तरी भिंत जवळ येत नसे. डोकं वळलेलं यंत्राला कळे, पुढे सरकलेलं कळत नसे.

रोलरकोस्टरच्या डेमोत उलटा प्रकार. डोळे म्हणत, आपण धावतोय; कान म्हणे, खुर्चीतच आहोत. या भांडणात अनेकांना मळमळायचं.

२०१४ च्या दुसऱ्या संचाबरोबर छोटा कॅमेरा आला. तो डोक्याची जागाही टिपू लागला आणि वाकल्यावर भिंत जवळ आली. चित्रही सुधारलं होतं. पण खरेपणा आला तो या जुळणीमुळे.

आज आपली मुलं हेडसेट लावतात. त्यांना गरगरलं, तर 'सवय होईल' म्हणू नका. तो काढून ठेवा. शरीर खरं तेच सांगत असतं.

गुरुजनहो, आंतरकर्णाची आकृती तुम्ही आमच्याकडून घोटून घेतलीत. आम्हा संगणकवाल्यांना शेवटी तिच्याशीच जुळवून घ्यावं लागलं.