मधुमेह : निदानानंतरची पहिली वर्षे

(मुलचेरा येथे झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा संपादित मजकूर)



मुलचेऱ्यासारख्या वनप्रदेशात मधुमेहावर भाषण ठेवले, याचे काही जणांना नवल वाटले असेल. गडचिरोली जिल्हा म्हटला की हिवताप, सिकलसेल, क्षयरोग आणि कुपोषण हेच विषय डोळ्यांपुढे येतात. मधुमेह हा शहरातल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या सुखवस्तू माणसाचा रोग, अशी आपली समजूत आहे. ती आता टिकणारी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हे सर्वेक्षण केवळ शहरांचे नव्हते, खेडीही त्यात होती.

आजचा विषय मात्र मर्यादित आहे. ज्याला गेल्या काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत 'तुम्हाला साखर आहे' असे सांगण्यात आले, त्याने काय करावे, एवढाच तो विषय. असे निदान झाले की आपल्याकडे बहुधा दोन गोष्टी घडतात. एक गट खचतो, गोळी सुरू करतो आणि बाकी सारे पूर्वीसारखेच चालू ठेवतो. दुसरा गट कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळी सोडतो आणि एखाद्या मुळीवर वा चूर्णावर विसंबतो. दोघेही एकच मोलाची वस्तू गमावतात, ती म्हणजे वेळ.

वेळ मोलाची का, ते समजून घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९७७ साली नव्याने निदान झालेल्या मधुमेही रुग्णांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि पाच हजारांहून अधिक रुग्ण त्यात घेतले गेले. त्यातून दोन बाबी पुढे आल्या. निदान होते तेव्हाच स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची शक्ती सुमारे निम्म्यावर आलेली असते. दुसरी बाब २००८ साली स्पष्ट झाली. ज्यांनी आरंभीच्या वर्षांत साखर काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांना त्याचा लाभ पुढे दहा वर्षांनीही मिळत राहिला. म्हणजे पहिल्या वर्षांची शिस्त ही पुढील आयुष्यासाठी टाकलेली ठेव आहे.

आता प्रश्न येतो तो मधुमेह उलटवता येतो काय, हा. न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी २०११ साली अकरा रुग्णांना आठ आठवडे अत्यंत अल्प आहारावर ठेवले. पहिल्या आठवड्यातच त्यांची उपाशीपोटीची साखर सर्वसाधारण पातळीवर आली. कारण यकृतात साचलेली चरबी वेगाने उतरू लागली. नंतरच्या आठवड्यांत स्वादुपिंडातील चरबी कमी झाली आणि इन्सुलिनची निर्मिती सुधारली. यावरून रोगाची एक वाट स्पष्ट झाली. गरजेपेक्षा अधिक खाल्लेले अन्न प्रथम त्वचेखाली साठते. ती कोठी भरली की चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात शिरते. प्रत्येकाची कोठी वेगवेगळ्या आकाराची असते.

ही कोठी आपली, भारतीयांची, लहान असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनच्या प्राध्यापक युडकिन यांच्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, देहभार निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास याज्ञिकांनी १९९३ पासून केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. आपले बाळ स्नायूंनी कमी भरते, चरबी मात्र राखून असते. म्हणून 'मी तर सडपातळ आहे, मला मधुमेह कसा?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पोटाच्या घेरात दडलेले असते.

उलटवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील एका चाचणीने २०१७ साली दिला. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेले आणि इन्सुलिन न घेणारे रुग्ण त्यात होते. तीन ते पाच महिने दररोज साडेआठशे कॅलरींच्या आसपास आहार, नंतर हळूहळू नेहमीचे जेवण, आणि सातत्याने मार्गदर्शन. वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण चार टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्के होते. टेलर यांच्या नंतरच्या एका अभ्यासात फारसे स्थूल नसलेले २० रुग्ण होते. त्यांपैकी १४ जणांना हे साधले, आणि त्यासाठी त्यांचे वजन सरासरी साडेसहा टक्केच उतरावे लागले. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे चार-सव्वाचार किलो.

पण याच चाचणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. पाच वर्षांनी, पाठपुरावा पुढे चालू ठेवलेल्या ८५ जणांपैकी ११ जणच त्या अवस्थेत टिकले होते. वजन परत आले, तसा रोगही परत आला. यासाठीच तज्ज्ञ 'बरा झाला' हा शब्द वापरत नाहीत. २०२१ साली ठरलेल्या व्याख्येनुसार, औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ही तपासणी साडेसहा टक्क्यांखाली राहिली, तर तो रोगाचा उपशम होय. विस्तव राखेखाली गेला एवढाच त्याचा अर्थ. वर्षातून किमान एकदा तपासणी आयुष्यभर करावयाची आहे.

आपल्या विदर्भाने आणि मराठवाड्याने या विषयात मोठी लोकजागृती केली आहे. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लातूरहून तो महाराष्ट्रभर नेला. दोन वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि मधल्या वेळेत काही नाही. ज्यांना ते झेपले आणि ज्यांचे वजन त्याने उतरले, त्यांना लाभ झाला. कोणतीही पद्धती घ्या, कसोटी एकच : पोटाचा घेर कमी होतो काय, आणि ती पद्धती पाच वर्षे निभावता येईल काय?

येथे मुलचेऱ्याच्या श्रोत्यांना मी विशेष सावध करू इच्छितो. उपास आणि अल्पाहार प्रत्येकासाठी नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी बहुधा कृश, दुसऱ्याचा स्थूल असे त्याचे निरीक्षण आहे. चरकानेही स्थूल व बलवान रुग्णासाठी शोधन आणि कृश, दुर्बल रुग्णासाठी पोषण अशी चिकित्सेची वेगळी दिशा दिली. त्या काळी इन्सुलिन नव्हते, ते मानवाच्या हाती १९२१-२२ साली आले. पण रोगी पाहून उपचार ठरवावा, हा विवेक त्यांच्यापाशी होता. आज तोच विवेक पुन्हा मान्य होत आहे. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला 'प्रकार ५' अशी स्वतंत्र ओळख दिली. लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या, हाडकुळ्या तरुणात तो आढळतो. अशा मुलाला 'भात सोड, उपास कर' असे सांगणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. वय कमी, अंगावर मांस नाही, वजन झपाट्याने उतरते आहे, वारंवार लघवी होते, उलट्या होतात वा धाप लागते, अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भवती भगिनींनीही उपासाचे प्रयोग करू नयेत.

दुसरी सावधगिरी तपासणीची. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. ज्याला लोक 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात, ती एचबीए१सी तपासणी तांबड्या रक्तपेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी लवकर नष्ट होतात आणि आकडा फसवा येतो. रक्त चढवले असेल वा तीव्र पंडुरोग असेल, तरीही तसेच. वाहक व्यक्तीनेही प्रयोगशाळेला आधी सांगावे. अशांसाठी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर हाच भरवशाचा मार्ग. उपाशीपोटी १२६ वा अधिक आली तर मधुमेह समजतात. मात्र लक्षणे नसतील तर एकाच तपासणीवर शिक्का मारून घेऊ नये, ती पुन्हा करून घ्यावी.

आता ताटाकडे वळू. आपला प्रदेश धानाचा. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. शिधापत्रिकेवर तांदूळ मिळतो, डाळ आणि भाजी विकत आणावी लागते. मग ताट तांदळानेच भरते. घरातील माउली तर सर्वांच्या शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला उरलेला भात येतो. पूर्वी उखळात कांडलेला तांदूळ खाऊन माणूस दिवसभर रोवणीला वाकत असे. आज तांदूळ गिरणीतून पांढराशुभ्र होऊन येतो आणि बांधापर्यंत जायला मोटारसायकल आहे. तांदळाला शत्रू ठरवण्याचे कारण नाही, त्याची जागा बदलायची आहे. अर्धे ताट भाजीचे, पाव ताट डाळ, उसळ, अंडी वा मासळीचे आणि पाव ताट भाताचे. आधी भाजी-वरण खावे, भात शेवटी. एवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. अंबाडी, तरोटा, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातले वास्ते या भाज्या आपल्या परसात आणि रानात आहेत. बोडीतली मासळी आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन येथे वसलेल्या आपल्या बंगाली बांधवांच्या घरी तर मासळी रोजचीच. त्यांनी मासा ठेवावा, भाताचा ढीग उतरवावा आणि मिठाई सणापुरती राखावी. कोदो-कुटकी चांगली, पण तीही धान्यच आहे, तिचेही माप हवे.

आणि चहा! गावोगाव संपर्काला जाणाऱ्या कार्यकर्त्याला प्रत्येक घरी प्रेमाने चहा मिळतो. दहा घरे म्हणजे दहा कप, आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. आतिथ्य नाकारणे जड जाते, हे खरे. तेव्हा ही रीत यजमानानेच बदलावी. पाहुण्याला आधी पाणी द्यावे, चहा विचारून आणि बिनसाखरेचा. यात कोणाचा मान कमी होत नाही.

चालण्याविषयी सुश्रुताने निर्धन प्रमेही रुग्णाला शंभर योजने पायी चालण्याचा किंवा विहीर खणण्याचा मार्ग सांगितला आहे. आपल्याला तेवढे नको. आठवड्यात किमान १५० मिनिटे झपाझप चालणे, प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस सूर्यनमस्कार, बैठका असे स्नायूंना ताण देणारे व्यायाम पुरेत. खाल्लेली साखर सर्वाधिक खर्च करणारी जागा म्हणजे आपले स्नायू.

औषधाबाबत एकच सांगणे. गोळी आणि पथ्य ही एकमेकांची वैरी नाहीत. मेटफॉर्मिन हे जुने, स्वस्त औषध आहे, ते सरकारी आरोग्य केंद्रातून मिळते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता जेवण तोडले, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि बेशुद्धीपर्यंत पाळी येते. म्हणून आहार बदलण्यापूर्वी मात्रा बदलून घ्यावी. गोळी डॉक्टर उतरवतील, आपण टाकून द्यायची नाही. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांचे चूर्ण औषधाची जागा घेऊ शकत नाही. निदानाबरोबरच डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने, रक्तदाब आणि तळपाय तपासून घ्यावेत. चिखलात अनवाणी रोवणी करणाऱ्याला बधिर पायाची जखम कळत नाही. आणि खर्रा! साखर ताब्यात ठेवून खर्रा चघळत राहणे म्हणजे बांध घालून मोरी उघडी ठेवणे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकी तपासावी, कारण मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो.

बंधूंनो, हे एकट्या रुग्णाच्या निर्धाराने होणारे काम नाही. घरात एकासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस टिकत नाही. सारे घर एकाच पद्धतीने जेवू लागले तर रुग्ण तगतो, आणि त्याच्या मुलांना, ज्यांना हा धोका अधिक, त्यांनाही संरक्षण मिळते. आज घरी गेल्यावर दोन गोष्टी कराव्यात. एका वहीत आजची तारीख, वजन, कमरेचा घेर आणि शेवटच्या तपासणीचा आकडा लिहावा. आणि घरात तिशी ओलांडलेल्या ज्या कोणाची साखर आजवर तपासली गेली नसेल, विशेषतः सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या माउलीची, तिला या आठवड्यात आरोग्य केंद्रात घेऊन जावे. तीन महिन्यांनी ती वही पुन्हा उघडावी आणि डॉक्टरांपुढे ठेवावी.