दिवाळीला कुणाला काय द्यायचं?

(या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे काढलेत. सगळे नाही निघाले.)

दिवाळी आली की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो. 'ताई, बाबांना काय देऊ?' 'बॉसला काय देऊ?' 'बजेट हजार आहे, बहिणीला काय घेऊ?' दरवर्षी मी एकेकाला रिप्लाय देते. यंदा म्हटलं, एक आख्खा भागच करून टाकू.

सुरुवातीलाच सांगते, ही काही 'टॉप टेन गिफ्ट्स'ची यादी नाही. लिंका नाहीत, डिस्काउंट कोडही नाही. कुठलीही वस्तू उचलण्याआधी मी आता स्वतःला एक प्रश्न विचारते. ही वस्तू दिल्यावर समोरच्या माणसाच्या मागे काय काम लागणार आहे? चार्जिंग करायचं, पुसायचं, ठेवायला जागा शोधायची, परत काहीतरी द्यायचं. काम असणं वाईट नाही, पण ते त्या माणसाला हवं असलेलं काम आहे का, एवढं बघायचं.

हे शहाणपण मला घड्याळामुळे आलं. पहिल्या पगारात मी बाबांना स्मार्टवॉच घेतलं. सहा हजारांचं. तेव्हा माझा पगार बावीस होता, म्हणजे बघा. पुण्याहून कराडला जाईपर्यंत एसटीत मी तो बॉक्स मांडीवरून खाली ठेवला नाही. बाबांनी चार दिवस घातलं. 'छान आहे,' म्हणाले. मग काही दिवसांनी हातात परत जुनं घड्याळ. विचारलं तर म्हणाले, 'अगं, त्याला रोज रात्री जेवायला घालावं लागतं.' चार्जिंगबद्दल बोलत होते.

त्याच फेरीत स्टँडबाहेरच्या टपरीवर मी एक बॅटरी घेतली होती, टॉर्च हो, एकशे ऐंशी रुपयांची. का, तर बाबा पहाटे पाचला फिरायला जायचे आणि आमच्या गल्लीत कुत्री फार. ती मी गिफ्ट म्हणून दिलीसुद्धा नव्हती, नुसती खुंटीला अडकवली होती. ती त्यांनी चार वर्षं वापरली. मागचं झाकण तुटलं तेव्हा सेलोटेप लावली, पण बॅटरी बदलली नाही.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. कपाट आवरताना घड्याळाचा बॉक्स सापडला. बिल घडी घालून, वायर गुंडाळून वर रबर लावलेला. माझी वस्तू त्यांनी सांभाळून ठेवली होती, पण ते सांभाळणं हेच त्यांच्या मागे लागलेलं काम होतं. असो. त्या दिवाळीबद्दल पुढे बोलायचंच आहे.

तर 'कशाला आणलंस, पैसे वाया' म्हणणाऱ्या आईबाबांसाठी माझा सल्ला असा, की नवीन सवय भेट देऊ नका. त्यांच्या हातातली कुठली वस्तू झिजलीये ते बघा आणि तीच, तशीच, नवी आणा. फाटकी पिशवी, कान तुटलेला कुकर, ओरखडे पडलेला चष्मा. चष्म्याच्या बाबतीत तर नवी काच देण्यापेक्षा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः घेऊन जा. नंबर लागला तर चष्म्याचे पैसे तुम्ही भरा. गुडघे दुखत असतील तर आंघोळीसाठी बसायला चांगला उंच स्टूल. दिवाळीला स्टूल देतात का? देतात. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान त्यावर बसूनच होईल.

आता वाचणारी माणसं. यांच्यासाठी आपल्याकडे जगात भारी सोय आहे, दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ आपण सणाला फराळाबरोबर छापील कागदही वाटतोय. फक्त एक चूक करू नका, सगळ्यांना एकच प्रसिद्ध अंक घेऊ नका. वाचणाऱ्या माणसाकडे तो आधीच असतो. त्यांना सरळ विचारा, 'यंदा कुठले घेताय?' आणि त्या यादीत नसलेला घ्या. हसायला आवडणाऱ्या काकांना 'आवाज' द्या, त्यातली खिडकीचित्रं ते तुमच्यासमोर उघडणार नाहीत, पण तुम्ही गेल्यावर नक्की उघडतील. (हसते.) लहान मुलांना बालभारतीचं 'किशोर'. १९७१ पासून निघतंय, किंमत कमी, आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. भाच्याच्या टॅबवर ते उघडून दिलंत तर तीही एक भेटच.

आणि ज्या मावशीचे किंवा आजीचे डोळे आता थकलेत, तिला पुस्तक देऊ नका. ऑडिओबुक द्या. स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी भरपूर आहे. पण नुसतं सबस्क्रिप्शन घेऊन लिंक पाठवलीत तर पुन्हा घड्याळाचीच गोष्ट होणार. तिच्या शेजारी बसा, अ‍ॅप घ्या, पुस्तक डाउनलोड करा, अक्षरं मोठी करा आणि थांबवायचं कसं ते तिला दोनदा करायला लावा. तिच्यासाठी खरी भेट हा अर्धा तास आहे.

परदेशातल्या दोस्तांबद्दल पटकन. चकली पाठवू नका, तिकडे भुगा पोचतो. चिवडा आणि शंकरपाळी प्रवासाला टिकतात. तुपाचे आणि दुधाचे पदार्थ काही देशांत अडवतात, म्हणून कुरिअरवाल्याला आधी विचारा. माझी एक मैत्रीण जर्मनीत आहे. तिला मी गेल्या वर्षी चकलीची भाजणी पाठवली. सोबत उटण्याची दोन पाकिटं आणि एक मोती साबण. भाजणीने तिच्या मागे काम लागलं, बरोबर. पण तिला तेच हवं होतं. व्हिडिओ कॉलवर आईने तिच्याकडून मोहन घालून घेतलं, आणि पहिला घाणा विरघळला तेव्हा दोन्हीकडे आरडाओरडा. चकल्या शेवटी बऱ्या झाल्या.

अभ्यास करणाऱ्या भावाबहिणींवर मात्र थोडं थांबते. माझा मामेभाऊ एमपीएससी करतो, सदाशिव पेठेत. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलाय. गेल्या दिवाळीला घरी येत नव्हता. कारण काय, तर भाऊबीजेला सगळे जमतात आणि ओवाळताना कुणीतरी विचारतंच, 'मग, यंदा काय?' अशा मुलाला कृपा करून प्रेरणादायी पुस्तक देऊ नका. प्रेरणा त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे, संपत आलेत ते पैसे. मी त्याची अभ्यासिकेची एका महिन्याची फी भरली. त्याला न सांगता, काउंटरवर जाऊन. आणि मामीला फोन केला की मामी, तो आला तर परीक्षेचा विषय कुणी काढणार नाही हे तुम्ही बघा, मी दारातच उभी राहते. तो आला. विषय निघालाच, एका काकांनी काढलाच. पण मामीने त्यांना लगेच करंजी वाढली. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत नाही.

भाऊबीजेवरून आठवलं. ओवाळणी फोनवर पाठवलेली चालते का, असं तिघाचौघांनी विचारलंय. चालते. पण समोर असाल तर ताटात नोट टाका रे. ताटात क्यूआर कोड बरा दिसत नाही.

घरकामाच्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, कचरा नेणारे दादा. इथे माझं मत एकदम पक्कं आहे, रोख पैसे. एका दिवाळीला मी आमच्या मावशींना ऑफिसात मिळालेला डार्क चॉकलेटचा डबा दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, 'ताई, ते खायचंय का औषध हाय?' मला लाज वाटली. महाग वस्तू दिली म्हणून मी खूश होते, आणि ती माझ्याही कुणी मनापासून खाल्ली नसती.

किती द्यायचे? एक हिशोब सांगते. १९६५ च्या बोनस कायद्यात कारखान्यांसाठी किमान बोनस ८.३३ टक्के ठरवला होता. ८.३३ म्हणजे बाराव्वा भाग, वर्षाला एक पगार. तुमच्या घरातल्या कामाला तो कायदा लागू नाही, पण आकडा वापरायला काय हरकत आहे? तीन जणांनी मिळून फ्लॅट घेतला असेल तर तिघांनी वाटून घ्या. आणि पाडव्याला देऊ नका, वसुबारसेच्या आधी द्या. त्यांनाही मुलांचे कपडे घ्यायचे असतात, तेलाचा डबा आणायचा असतो. सण झाल्यावर आलेल्या पैशाने दिवाळी होत नाही. वर भाऊबीजेची सुट्टी न मागता द्या. जुने कपडे द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण दिवाळीची भेट म्हणून नको. ते आपलं कपाट रिकामं करणं असतं.

ऑफिसबद्दल फार काही नाही. सुगंधी मेणबत्ती कुणालाच नको असते. डब्यातून घरचा चिवडा न्या, संपेल.

आता ती दिवाळी.

बाबा श्रावणात गेले. आमच्याकडे वर्षाच्या आत सण आला तर घरात तळण काढत नाहीत, आकाशकंदीलही लावत नाहीत. प्रत्येक घरची रीत वेगळी असते, काही घरांत करतातही. आमच्यात नाही. त्यामुळे नातेवाईक फराळ आणून देतात. ही रीत चांगलीच आहे. पण त्या वर्षी मला तिची दुसरी बाजू दिसली. ओट्यावर स्टीलचे अकरा डबे जमले. आणि तुम्हाला माहितीये, आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आई रात्री दहाला ओट्यापाशी उभी राहून मला म्हणाली, 'यात आता काय घालून देऊ गं?' साखर घालायची, तर साखर पुरेना. कुठला डबा कुणाचा हेही आठवेना. नवरा जाऊन तीन महिने झालेली बाई अकरा डब्यांचा हिशोब करत होती. देणाऱ्यांपैकी कुणाचीच चूक नव्हती, सगळे प्रेमानेच आले होते.

शेजारच्या काकू सगळ्यांच्या आधी, वसुबारसेला आल्या होत्या. आइस्क्रीमच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात चकल्या घेऊन. दारातूनच म्हणाल्या, 'वहिनी, जास्त झाल्यात आमच्याकडे. डबा टाकून द्या, नकोय मला.' आत आल्या नाहीत, काही विचारलंही नाही. पाडव्याच्या दिवशी सकाळी परत आल्या आणि आईला म्हणाल्या, 'चला, भाजी आणायला जायचंय, मला एकटीला कंटाळा येतो.' पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळतात. त्या सकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरात तयारी चालू होती, आणि काकू आमच्या आईला घेऊन मंडईत गेल्या. दीड तासाने दोघी आल्या. पिशवीत फक्त कोथिंबीर आणि दोन लिंबं.

काकूंच्या चकल्या खरंच जास्त झाल्या होत्या का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

तुमच्या ओळखीत यंदा असं एखादं घर असेल तर तिथे जायला बिचकू नका. मेसेज टाकून 'काही लागलं तर सांग' असं लिहू नका, कुणी सांगत नाही. थोडंसं न्या, परत न मागण्याच्या डब्यात न्या. 'हॅपी दिवाळी' म्हणायचं नसतं, पण गप्प बसलात तरी चालतं. गेलेल्या माणसाची एखादी आठवण तुमच्याकडे असेल तर ती सांगा. बाबांच्या ऑफिसमधला एक मुलगा आला आणि त्याने बाबांचा एक जुना फोटो मोबाईलवर दाखवला, सहलीचा, टोपी उलटी घातलेला. आमच्याकडे तो नव्हता. आईने तो मला तीनदा फॉरवर्ड केलाय.

यंदा आईला काय घेतलंय, असं विचाराल. सोलापुरी चादर घेतलीये, कारण तिची आता मध्ये विरलीये. आणि काकूंना एक दिवाळी अंक. मी घरी पोचले की आईच्या हाती आइस्क्रीमच्या डब्यातून पाठवणार आहे.

तुम्ही कुणासाठी अडून बसला असाल तर त्या माणसाचं वय नको, त्याचा रोजचा दिवस कसा जातो ते मला लिहून पाठवा. पाडव्यापर्यंत जमतील तेवढ्यांना उत्तरं देते. चला, भेटू पुढच्या भागात. आणि पहिल्या आंघोळीचा गजर आत्ताच लावून ठेवा.