ढेकणांची मुदत ठेव

मित्रहो, रौप्यमहोत्सवात असला विषय काढतोय, माफ करा. आमच्या दिवाणात ढेकूण निघाले. लाजेने कोणाला बोललो नाही. उपाशी मरतील म्हणून दिवाण महिनाभर जिन्याखाली ठेवला आणि वॉचमनला देऊन टाकला. आठवड्यात त्याच्या लेकराच्या अंगावर गांध्या! त्याच संध्याकाळी खरं सांगितलं, किटली नेऊन फटीन् फट उकळत्या पाण्याने भाजली. 50 अंशांपुढे अंडीसुद्धा टिकत नाहीत. पण बँकेतली सवय, पुरावा हवा. पाच ढेकूण बरणीत घातले, झाकणावर तारीख. महिन्याने पाचही जिवंत! चपटे, पण काचेला हात लावला की तिकडेच लगबग. परवा दोन महिने झाले, तीन चालताहेत. ही म्हणते, आता बरणी तरी जाईल नाहीतर तुम्ही.